शाळेच्या दारात उभी असलेली कला : परभणीच्या निमित्ताने

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय शाळा आणि कला असा आहे. विषय ऐकून काही जणांना वाटेल, यात काय बोलायचं? शाळेत चित्रकलेचा तास असतो, वर्षाला एक गॅदरिंग असतं, संपलं. पण प्रश्न एवढ्याने संपत नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे साध्या दिसणाऱ्या गोष्टीला प्रश्न विचारायची खोड जडली आहे. माझा प्रश्न असा : एखाद्या शहरातली शाळा त्या शहराच्या कलेला ओळखते का? आपल्या परभणीतली शाळा परभणीला ओळखते का?

याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते. आजची स्थिती एका दिवसात आलेली नाही. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात शाळा आणि कला यांचे नाते किमान दोनदा बदलले आहे. ते कसे बदलले, हे आज आपण बघू.

शाळेच्या आधीची शाळा

सुरुवात शाळा नव्हत्या तिथून करू. गंगाखेड हे आपल्या जिल्ह्यातले गोदाकाठचे गाव. परंपरेने ते संत जनाबाईंचे गाव मानले जाते. जनाबाई नामदेवांच्या घरी राबत होत्या. शिक्षण म्हणून ज्याला आपण आज ओळखतो, तसे काही त्यांना मिळालेले नव्हते. तरीही सातशे वर्षांनंतर त्यांचे अभंग विद्यापीठात अभ्यासाला आहेत. मग त्या शिकल्या कुठे? जात्यावर शिकल्या, अंगणात शिकल्या, कीर्तनात उभ्या राहून शिकल्या.

ही काही एकट्या जनाबाईंची गोष्ट नाही. गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रभरातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा हा साठा एक लाखाच्या वर गेला. एक लाख! आणि त्या म्हणणाऱ्या बहुसंख्य बायांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. म्हणजे भाषेचा, लयीचा, रूपकाचा अभ्यासक्रम गावात चालूच होता. त्याला हजेरीपट नव्हता, इतकंच.

तसाच गोंधळ घ्या. कदमराई आणि रेणुराई असे गोंधळ्यांचे दोन मुख्य प्रकार सांगतात. आपल्या परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते. गोंधळात काय असते? चौक मांडलेला असतो, दिवटी पेटलेली असते, संबळ आणि तुणतुणे असते. आधी गण, मग सगळ्या देवदेवतांना आवाहन, आणि मग उत्तररंगात आख्यान. एक माणूस निरूपण करतो, दुसरा त्याला अडवतो, प्रश्न विचारतो, विनोद करतो, आणि कथा पुढे सरकते. नाट्य, संगीत, वक्तृत्व आणि स्मरणशक्ती हे चारही विषय एका रात्रीत येतात. गोंधळ्याचं पोर सात-आठ वर्षांचं असताना बापाच्या मागं तुणतुणं धरून बसतं आणि विशीपर्यंत आख्यानं मुखोद्गत करतं.

फेब्रुवारीत परभणीला सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तिथे कव्वाली होते आणि ती ऐकायला सगळ्या धर्मांची माणसे येतात. धारासूरचे गुप्तेश्वराचे मंदिर गोदावरीच्या काठावर उभे आहे. त्याच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी बघितल्या की दगडाला लय असते हे कळते. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुन्या देवळांचा समूह आहे. हे सगळे जिल्ह्याच्या आतच आहे. त्याला तिकीट लागत नाही आणि मुंबईलाही जावे लागत नाही.

तर कला इथे होती. शाळा नंतर आली. ती आली तेव्हा तिने या कलेकडे कसे पाहिले, हा आपल्या इतिहासाचा पुढचा भाग.

निजामी राजवट : गाणे म्हणण्याची किंमत

आपला भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे त्यातले पाच मराठी जिल्हे. तेव्हाचा परभणी जिल्हा बराच मोठा होता. हिंगोली त्यात होती, परतूरही होते. संस्थानात खालच्या इयत्तांत मराठी शिकायला मिळे, पण पुढचे शिक्षण उर्दूतून. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. ते मान्य केलेच पाहिजे. पण परभणीच्या खेड्यातल्या मराठी मुलासाठी ती भाषा परकीच होती. शाळेत गेलं की घरची भाषा दाराबाहेर ठेवायची.

खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी. सभा घ्यायची तर परवानगी हवी. 'गश्ती निशाण 53' या नावाचा सभाबंदीचा हुकूम जुन्या पिढीतल्या अनेकांच्या बोलण्यात यायचा. अशा काळात माणसे एकत्र कुठे येणार? गणेशोत्सवात, कीर्तनात, वाचनालयात आणि मराठी शाळेत. म्हणून या काळातल्या मराठी शाळा फक्त शाळा राहिल्या नाहीत. औरंगाबादची सरस्वती भुवन 1915 ची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 ची. तिथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक म्हणून आले आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरीत गेले. नांदेडला प्रतिभा निकेतन, आपल्या जिल्ह्यात सेलूचे नूतन विद्यालय. या संस्थांची यादी वाचली की मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाची यादी वाचल्यासारखे वाटते. तिथले शिक्षक उद्याचे सत्याग्रही होते.

आता कलेचा मुद्दा. या शाळांत स्नेहसंमेलन व्हायचे, नाटके बसवली जायची, गणपतीच्या मेळ्यात मुले पदे म्हणायची. वरवर पाहिले तर हा करमणुकीचा कार्यक्रम. पण ज्या राज्यात तुमच्या भाषेला दरबारात जागा नाही, तिथे त्या भाषेत रंगमंचावरून बोलणे म्हणजे काय, याचा विचार करा. शिवाजी महाराजांवरचा एक प्रवेश मुलांनी केला, तर तो समोर बसलेल्या फौजदारालाही कळत होता आणि मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही कळत होता.

1938 मध्ये तर गाणे हाच थेट संघर्षाचा मुद्दा झाला. औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज आणि हैदराबादचे उस्मानिया इथल्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचे ठरवले. मनाई झाली. विद्यार्थी हटले नाहीत आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. विचार करा, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. एका गाण्यापायी पदवी पणाला लावली. आज आपण शाळेत गाणे म्हणतो तेव्हा काहीच पणाला लागत नाही. ते चांगलेच आहे म्हणा. पण ज्याला काही किंमत द्यावी लागत नाही, त्याची किंमत आपण विसरतो, हेही तितकेच खरे.

1937 मध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. आणि त्याच वर्षी इकडे वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती झाली. नई तालीम म्हटले की आपल्याला फक्त टकळी आठवते. पण त्या समितीच्या अभ्यासक्रमात मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान यांच्या रांगेत चित्रकला आणि संगीतही होते. तीच रांग, बरं का! 'इतर उपक्रम' या सदरात ती ढकललेली नव्हती.

या काळाबद्दल बोलताना आपण भारावून जातो, ते स्वाभाविक आहे. पण इतिहास सांगायचा तर दोन गोष्टी सोडता येत नाहीत.

पहिली, या राष्ट्रीय शाळांत पोहोचणारी मुले कोणाची होती? बव्हंशी गावातल्या शिकलेल्या, वतनदार, वकील, व्यापारी घरांतली. रंगमंचावर आलेली कलाही त्याच वर्तुळातली होती, म्हणजे नाट्यगीत, ऐतिहासिक नाटक, राष्ट्रगीते. गोंधळी, वासुदेव, जलसेवाले, तमासगीर यांची मुले या शाळेत नव्हती आणि त्यांची कलाही नव्हती. शाळेने भाषेसाठी लढा दिला. पण ती भाषा बोलणाऱ्या सगळ्यांसाठी अजून दार उघडलेले नव्हते.

दुसरी गोष्ट उर्दूची. राज्यकर्त्यांशी भांडण होते म्हणून उर्दूशी वैर होते असे नाही. त्या शाळांनी आपल्या अनेक माणसांना उर्दू कवितेचा कान दिला. सेतुमाधवराव पगडींसारखा निलंग्याचा माणूस उर्दू-फारसीत मुरला आणि मराठीला केवढी तरी संपत्ती देऊन गेला. सक्तीतूनही काही चांगले उगवू शकते. याचा अर्थ सक्ती चांगली असा नाही. मात्र जे उगवले ते सक्तीबरोबर उपटून टाकण्याची घाई आपण केली.

मुक्तीनंतर : मास्तरांचा काळ

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे मला मास्तरांचा काळ वाटतात. सगळेच कमी होते. इमारती, पुस्तके, पैसे. होती ती माणसे.

याच परभणीत बी. रघुनाथ राहत होते. 1913 चा जन्म, 1953 मध्ये गेले. चाळीस वर्षांचे आयुष्य. सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकून. कचेरीतून घरी यायचे आणि कविता, कथा, कादंबऱ्या लिहायच्या. 'आडगावचे चौधरी' ही त्यांची कादंबरी. आज शहरातले नाट्यगृह त्यांच्या नावाचे आहे. त्या नाट्यगृहात गॅदरिंगला नाचलेल्या किती मुलांना बी. रघुनाथ कोण हे माहीत असेल? मी कोणाला दोष देत नाही, प्रश्न विचारतो आहे.

दुसरे उदाहरण नरहर कुरुंदकरांचे. 1932 चा जन्म, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले नांदापूर. नांदेडच्या प्रतिभा निकेतनमध्ये ते शाळामास्तर होते. पुढे पीपल्स कॉलेजात गेले, प्राचार्य झाले. 1963 मध्ये त्यांचे 'रिचर्डस्‌ची कलामीमांसा' हे पुस्तक आले. आय. ए. रिचर्डस् हा केंब्रिजचा समीक्षक. त्याच्या कलाविचाराची चिकित्सा नांदेडला बसून कोण करतो? ज्याची लेखणी शाळेच्या स्टाफरूममध्ये घडली असा माणूस. मला यात नुसती विद्वत्ता दिसत नाही. शाळेतला शिक्षक कलेच्या प्रश्नावर विचार करण्याचा पूर्ण अधिकारी आहे, असे त्या काळाला वाटत होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

तिसरे उदाहरण थोडे शेजारचे आणि शाळेऐवजी महाविद्यालयातले आहे, पण ते सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला 1950 मध्ये महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तिथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक 1955 मध्ये विद्यार्थ्यांनी केले. बाबासाहेब प्रेक्षकांत होते. हजारो वर्षे ज्यांना रंगमंचाच्या कडेलाही उभे राहू दिले नाही, त्यांची मुले रंगमंचाच्या मधोमध उभी राहून स्वतःचा इतिहास सांगत होती. आधीच्या राष्ट्रीय शाळांना जे जमले नव्हते, ते इथे सुरू झाले. त्यामागे आंबेडकरी जलशांची मोठी परंपरा होती. म्हणजे गावातली कला शिक्षणसंस्थेच्या आत आली आणि संस्था मोठी झाली.

हा धागा तसाच पुढे जायला हवा होता. तसे झाले नाही.

तास, श्रेणी आणि गुण

1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1965 मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचल्या. या परीक्षांची टिंगल करू नये. मराठवाड्यातल्या कित्येक मुलांना स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द पहिल्यांदा या परीक्षांनी दिले. हायस्कुलातला चित्रकला शिक्षक हा तेव्हा गावातला महत्त्वाचा माणूस असे. गणपतीची आरास त्याची, नाटकाचे पडदे त्याचे, फलकावरचे सुविचार त्याचे, आणि लग्नपत्रिकेतला गणपतीसुद्धा त्याचाच.

मग हळूहळू काय झाले? कला वेळापत्रकात आली, पण दुय्यम म्हणून आली. दहावीच्या वर्गाचा गणिताचा पोर्शन राहिला की कोणता तास घ्यायचा? चित्रकलेचा. शिक्षक रजेवर असले की मुलांना कुठे बसवायचे? चित्रकलेच्या तासाला. मुले त्याला 'ऑफ तास' म्हणायला लागली. मुलांच्या भाषेत खोटेपणा नसतो, शाळेने त्या विषयाला जी जागा दिली तेच नाव मुलांनी दिले.

इथे एक गंमत सांगतो. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ग्रीक 'स्खोले'वरून आला. त्याचा मूळ अर्थ फुरसत. पोटापाण्याच्या कामातून मोकळा मिळालेला वेळ, ज्यात माणूस स्वतःसाठी काही शिकतो. ॲरिस्टॉटल संगीताचे शिक्षण का द्यावे याची चर्चा करतो, तेव्हा तो हेच म्हणतो की फुरसत चांगल्या रीतीने घालवता यावी म्हणून. म्हणजे मुले ज्याला ऑफ तास म्हणतात, तोच खरे तर मूळ अर्थाने शाळेचा तास! आपण बाकीचे तास खरे मानले आणि तो रिकामा मानला.

2009 चा शिक्षण हक्क कायदा आला. त्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत अशी तरतूद आहे. शब्द नीट ऐका, अंशकालीन. आणि शंभराहून अधिक मुले. जिंतूर, पालम, सोनपेठ तालुक्यांतल्या ज्या वस्तीशाळेत साठ मुले आहेत, तिथल्या मुलाला कलाशिक्षक नको का? कायद्याने जे दिले ते इतके कमी आहे, आणि तेही मानधनाच्या, नेमणुकीच्या वादात अडकत राहते.

मग कला कोण शिकवतो? वर्गशिक्षक. आणि त्याची नोंद वर्णनात्मक करायची असते. 'चित्रे आवडीने रंगवतो', 'समूहगीतात सहभागी होते', 'मातीकाम सुबक करते'. एका वर्गात चाळीस मुले, दोन सत्रे, सगळे विषय. शिक्षक बिचारा नमुना नोंदींच्या पुस्तिकेतून वाक्ये उतरवतो. कागदावर महाराष्ट्रातले प्रत्येक मूल आवडीने रंगवते आहे.

दुसऱ्या टोकाला गुण आहेत. इंटरमिजिएटची श्रेणी, शास्त्रीय संगीत-नृत्याची परीक्षा, लोककलेतला सहभाग यांसाठी दहावीला जादा गुण मिळतात. लोककलेचा त्यात समावेश झाला, ही चांगली गोष्ट. पण परिणाम असा की नववीत मुलाने संबळ हातात घेतला तर आई-बाप पहिल्यांदा विचारतात, याचे किती गुण? टक्केवारीत ते गुण मिसळले की संबळ खुंटीला. कलेला प्रतिष्ठा द्यायला निघालो आणि तिला गणिताची मदतनीस केले.

आणि गॅदरिंग! पूर्वी दोन महिने तालीम चालायची. आता बाहेरून कोरिओग्राफर येतो, पेनड्राइव्हवर गाणे असते, भाड्याचे पोशाख येतात, आठ दिवसांत नाच बसतो. 'गोंधळ' म्हणूनही एखादा नाच असतो. सिनेमातले गाणे, हातात प्लास्टिकचे संबळ. आणि त्याच शाळेत मागच्या बाकावर बसलेला असतो एक मुलगा, ज्याचा आजा खरा गोंधळी आहे. त्याला कोणीही विचारत नाही.

पणाला काय लागले आहे

आता माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा विचार करा. तो शाळेत काय शिकतो? एक, की गोंधळ ही चांगली गोष्ट आहे, कारण मॅडमनी तो नाच बसवला, टाळ्या पडल्या. दोन, की त्याच्या घरी जे चालते ते मात्र गोंधळ नव्हे. ते मागून खाणे. हा धडा कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही, पण तो पक्का बसतो. दहावीनंतर तो मुलगा पुण्याला कंपनीत जातो. जाऊ दे, जायलाच हवे. पण आजोबांच्या मुखातली आख्याने कोणी लिहून घेत नाही. त्यांच्याबरोबर जातात. आणि मुलाच्या मनात घराबद्दल एक लाज राहते. माझ्या मते हे नुकसान आख्याने बुडण्यापेक्षा मोठे आहे.

जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1934 मध्ये 'आर्ट ॲज एक्स्पीरियन्स' हे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की आपण कलेला संग्रहालयात नेऊन ठेवले आणि रोजच्या जगण्यापासून तोडले. मग कला वेगळी आणि जगणे वेगळे अशी सवय लागली. त्याच्या समोर युरोप-अमेरिकेतली संग्रहालये होती. परभणीत संग्रहालयाचे काम गॅदरिंग करते. वर्षातून एक रात्र कलेला काचेत ठेवायचे, दिवे लावायचे, फोटो काढायचे.

निजामी राजवटीत मराठी मुलाला घरची भाषा शाळेबाहेर ठेवावी लागली, म्हणून आपण लढलो. आज आपल्याच शाळेत आपलीच मुले घरची कला बाहेर ठेवून येतात. ओवी, भारूड, गोंधळ, कव्वाली हे सगळे चपलांसारखे दाराशी काढून आत यायचे. हुकूम कोणाचा नाही, म्हणून लढायचे कोणाशी तेही कळत नाही.

याला उपाय आहे का? मला तीन-चार साध्या गोष्टी सुचतात. त्यांना जी.आर. लागत नाही.

एक : चित्रकलेचा तास कोणीही कापायचा नाही, असे मुख्याध्यापकांनी ठरवावे. एवढेच. पैशाचा प्रश्नच नाही.

दोन : सहल. आपली सहल वॉटर पार्कला जाते. एक वर्ष ती धारासूरला किंवा चारठाण्याला न्या. प्रत्येक मुलाने एका मूर्तीसमोर अर्धा तास बसून तिचे चित्र काढायचे. चित्र वाईट आले तरी चालेल. अर्धा तास बघितले, हेच शिक्षण.

तीन : प्रत्येक मुलाने आजी-आजोबांकडून पाच ओव्या, एक उखाणा, एक आख्यान लिहून आणायचे. कोणी कव्वाली आणेल, कोणी नात, कोणी लमाणी गाणे. शाळेने त्याची एक जाड वही करावी, सांगणाऱ्याच्या नावासह. दहा वर्षांत त्या शाळेपाशी गावाचा असा ठेवा असेल, जो विद्यापीठापाशीही नाही. 'पीकपाणी'सारख्या संग्रहातून इंद्रजित भालेरावांनी इथली बोली कवितेत नेली, 'आलोक'साठी आसाराम लोमटे यांना 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही माणसे आभाळातून पडली नाहीत. इथल्याच मातीतले बोलणे त्यांनी कान देऊन ऐकले. तो कान शाळेत तयार व्हायला हवा.

चार : शहरातल्या मराठी आणि उर्दू शाळांनी वर्षातून एक कार्यक्रम एकत्र करावा. इकडच्या मुलांनी बैतबाजी ऐकावी, तिकडच्यांनी भारूड ऐकावे. हाकेच्या अंतरावरच्या शाळा एकमेकींचे गाणे ओळखत नाहीत, हे या शहराच्या उरुसाला शोभत नाही.

1995 मध्ये परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. फुटपाथवर सापडलेले पोर, गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले आणि मग त्याच पेशात शिक्षक. शाळेच्या घंटेला हात लावणारा माणूस कवी असू शकतो, हे त्या शाळेला त्या वेळी माहीत होते का, कोण जाणे. आपल्या शाळांत आज असे कोण आहे, हे मात्र आपल्याला शोधता येईल.

इथे मी थांबतो. 

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, गोंधळ ही विशिष्ट समाजाची, देवकार्याशी जोडलेली कला आहे. ती शाळेत आणली तर त्या मुलांना पुन्हा त्याच जातीच्या चौकटीत बसवल्यासारखे होणार नाही का?

उत्तर : प्रश्न फार महत्त्वाचा आहे. होय, तो धोका आहे. गोंधळ्याच्या मुलाला पुढे बोलावून 'तू वाजव रे' म्हणणे ही शिक्षाच झाली. मी जे म्हणतो ते वेगळे आहे. संबळ वर्गातल्या प्रत्येक मुलाने शिकावा, देशमुखाच्या, शेखच्या, कांबळेच्या, सगळ्यांच्या. आणि गोंधळ्याच्या मुलाला तबला किंवा गिटार शिकायची इच्छा असेल तर ते त्याला मिळावे. आजोबांना शाळेने गुरुजी म्हणून बोलवावे, खुर्ची द्यावी, मानधन द्यावे. मागायला दारात आलेला माणूस आणि शिकवायला वर्गात आलेला माणूस, यांच्याकडे मूल वेगळ्या नजरेने बघते. जात जन्माने चिकटते. विद्या शिकून मिळते. एखादी कला जातीकडून काढून विद्येकडे न्यायची असेल, तर त्यासाठी शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्या घरी. लय, कथन आणि अभिनय सगळ्यांचे.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दोन शिक्षकी शाळा, पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरणे. तुम्ही म्हणता ते पटते, पण वेळ कुठून आणायचा?

उत्तर : ताई, तुमच्या जागी बसून बोलायचा मला अधिकार नाही, म्हणून उपदेश करत नाही. एकच सुचवतो. नवा तास काढू नका. मराठीचा तास आहेच, त्यातल्या एका शुक्रवारी गावातल्या एका आजीला बोलवा. तिला जात्यावरचे काही येत असेल ते म्हणू द्या, मुलांना लिहून घेऊ द्या. शुद्धलेखन झाले, ऐकणे झाले, कविता झाली, आणि ज्या नोंदी तुम्हाला एरवी पुस्तिकेतून उतरवाव्या लागतात, त्या त्या दिवशी खऱ्या लिहिता येतील. त्या आजीची नात तुमच्याच वर्गात असेल. त्या दिवशी ती कशी बसते, ते बघा आणि जमलं तर मला कळवा.